केशकर्तनालयातील विक्री-कमिशन : हिशेब, व्यवहार आणि कायदा

केशकर्तनालयांमध्ये आता केवळ केस कापले जात नाहीत. आरशाशेजारच्या फळीवर शाम्पू, कंडिशनर, सिरम, तेल आणि केसांचा रंग यांच्या बाटल्या मांडलेल्या असतात आणि त्यांची विक्री हा सलूनच्या उत्पन्नाचा एक वेगळा भाग मानला जातो. ही विक्री काउंटरवर बसणारी व्यक्ती क्वचितच घडवून आणते. ग्राहक अर्धा-पाऊण तास ज्याच्यापुढे मान वाकवून बसलेला असतो, त्या कारागिराचा शब्द येथे निर्णायक ठरतो. या शब्दाचा मोबदला म्हणून विक्रीच्या रकमेतील काही टक्के कर्मचाऱ्याला देण्याची पद्धत देशातील मोठ्या साखळी सलूनांपासून लहान शहरांतील दुकानांपर्यंत पोहोचली आहे. हा मोबदला कशावर मोजायचा, कोणाला द्यायचा, तो पगाराचा भाग आहे की नाही, या प्रश्नांवरून मालक आणि कर्मचारी यांच्यात वारंवार मतभेद होतात. या पद्धतीची माहिती येथे दिली आहे.

बलुत्यापासून टक्क्यांपर्यंत

महाराष्ट्रातील गावगाड्यात नाभिक हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. वर्षभराच्या सेवेबद्दल त्याला सुगीच्या वेळी धान्य मिळत असे; प्रत्येक हजामतीचा स्वतंत्र दर नव्हता आणि विकण्याजोगी वस्तूही त्याच्याजवळ नव्हती. शहरांत दुकाने उभी राहिली, तेव्हा खुर्ची मालकाची आणि हात कारागिराचे अशी विभागणी झाली आणि दिवसाच्या गल्ल्यातील निम्मा वाटा कारागिराचा हा रिवाज अनेक ठिकाणी रूढ झाला. आजही पुष्कळ लहान सलूनांत पगारपत्रक नसते, वाटा असतो.

उत्पादनांची विक्री ही त्यामानाने नवी गोष्ट आहे. युरोपात मात्र या व्यवसायाची आणि केशप्रसाधनांच्या कंपन्यांची नाळ आरंभापासून जुळलेली आहे. यूजीन श्यूलर यांनी १९०९ मध्ये पॅरिसमध्ये ‘लॉरेआल’ची स्थापना केली, तेव्हा त्यांच्या केसरंगाचे पहिले गिऱ्हाईक पॅरिसमधील केशरचनाकारच होते. अमेरिकेत १९८० मध्ये सुरू झालेल्या ‘जॉन पॉल मिचेल सिस्टिम्स’ने आपला माल सलूनांमार्फतच विकण्याचे धोरण ठेवले. भारतात नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात परदेशी कंपन्यांनी सलूनांसाठीची स्वतंत्र उत्पादने आणली, कारागिरांना प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली आणि फळीवरची बाटली विकली गेली पाहिजे हा आग्रहही त्यांच्यासोबत आला.

‘कमिशन’ या शब्दाविषयी थोडेसे. त्याला मराठीत दलाली, अडत, दस्तुरी असे जुने पर्याय आहेत. पण दलाली म्हटले की शेअरबाजार किंवा घरजागेचा व्यवहार आठवतो, अडत बाजारसमितीतच शोभते, आणि ‘टक्केवारी’ हा शब्द तर वृत्तपत्रांनी कंत्राटांच्या बातम्यांत वापरून पार बदनाम करून टाकला आहे. सलूनमधील मंडळी ‘कमिशन’ किंवा ‘इन्सेंटिव्ह’ म्हणतात. येथेही पहिलाच शब्द ठेवला आहे.

टक्के कशाचे?

बहुतेक वादांचे मूळ दरात नसते, ज्या रकमेवर दर लावायचा त्या रकमेत असते. दहा टक्के हा या व्यवसायात सर्रास ऐकू येणारा आकडा आहे. पण दहा टक्के छापील किमतीचे, बिलाच्या रकमेचे, करपूर्व किमतीचे, की नफ्याचे?

एक उदाहरण घेऊ. शाम्पूच्या एका बाटलीची छापील कमाल किंमत ६३० रुपये आहे आणि त्यात ५ टक्के वस्तू व सेवा कर समाविष्ट आहे. करपूर्व किंमत ६०० रुपये होते. छापील किमतीवर दहा टक्के धरल्यास कर्मचाऱ्याला ६३ रुपये मिळतात, करपूर्व किमतीवर ६० रुपये. दुकानाने दहा टक्के सवलत दिली तर बिल ५६७ रुपयांचे, करपूर्व रक्कम ५४० रुपयांची आणि कमिशन ५४ रुपयांचे होते. सवलत देण्याचा निर्णय मालकाचा असतो, पण त्याची झळ कारागिरालाही लागते. म्हणून सवलतीच्या काळात कमिशन कोणत्या रकमेवर मोजणार, हे आधीच ठरलेले असावे लागते.

आता हाच हिशेब मालकाच्या बाजूने पाहू. ही बाटली त्याने करपूर्व ४२० रुपयांना घेतली असेल, तर ६०० रुपयांच्या विक्रीत त्याच्याकडे १८० रुपये उरतात आणि त्यातील ६० रुपये, म्हणजे एकतृतीयांश, कमिशनात जातात. सवलतीनंतर उरतात १२० रुपये. त्यातून ५४ रुपये गेले की ४५ टक्के गेले. त्यातूनच दुकानाचे भाडे, कार्डयंत्राचे शुल्क आणि मुदत संपून वाया गेलेल्या बाटल्यांचा तोटा भागवायचा असतो. ‘दहाच टक्के तर देता’ हे कर्मचाऱ्याचे म्हणणे आणि ‘माझा निम्मा नफा नेतोस’ हे मालकाचे म्हणणे, दोन्ही एकाच बाटलीविषयी खरी असू शकतात. नफ्यावर कमिशन देणे मालकाला सोयीचे वाटते, परंतु त्यासाठी खरेदीची किंमत कर्मचाऱ्यांना दाखवावी लागते, आणि तेवढी तयारी फार थोड्या मालकांची असते.

करपूर्व किमतीवर कमिशन मोजण्याचे महत्त्व २२ सप्टेंबर २०२५ रोजी विशेष जाणवले. त्या दिवसापासून शाम्पू आणि केशतेल यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पूर्वी ६३० रुपये छापील किंमत असलेल्या बाटलीची करपूर्व किंमत सुमारे ५३४ रुपये होती. करकपातीचा पूर्ण लाभ ग्राहकाला दिल्यास नवी किंमत सुमारे ५६१ रुपये होते. ज्यांचे कमिशन छापील किमतीवर होते, त्यांना त्याच बाटलीमागे ६३ ऐवजी ५६ रुपये मिळू लागले. ज्यांचे करपूर्व किमतीवर होते, त्यांच्या ५३ रुपयांत काहीही फरक पडला नाही. कारागिराने काही कमी केले नव्हते आणि मालकानेही काही कापले नव्हते, तरीही पहिल्या गटातील कर्मचाऱ्यांना आपली रक्कम घटलेली दिसली. केसरंगावरील कर मात्र १८ टक्केच राहिला. त्यामुळे एकाच फळीवरच्या, सारख्याच छापील किमतीच्या दोन वस्तूंची करपूर्व किंमत आता वेगवेगळी असते.

त्याच दिवशी सलूनच्या सेवांवरील करही १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला, मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट काढून घेण्यात आली. परिणामी ग्राहकाच्या डोक्यावर वापरलेल्या शाम्पूवरचा कर मालकाला परत मिळत नाही, आणि फळीवरून विकलेल्या शाम्पूवरचा मिळतो. विक्रीचा साठा आणि वापराचा साठा वेगळा ठेवणे यामुळे अपरिहार्य झाले आहे. घाईच्या वेळी विक्रीची बाटली फोडून बेसिनपाशी वापरली, की कमिशनाचाही हिशेब चुकतो आणि कराचाही.

लक्ष्य आणि महिनाअखेर

काही सलूनांत सरसकट एकच दर असतो. इतरत्र टप्पे असतात, आणि टप्प्यांची रचना दिसते तितकी निरुपद्रवी नसते. समजा, २०,००० रुपयांपर्यंतच्या मासिक विक्रीवर ५ टक्के आणि त्यापुढे १० टक्के असा नियम आहे. वाढीव दर केवळ वरच्या रकमेला लागू असेल, तर २०,१०० रुपयांच्या विक्रीवर १,०१० रुपये मिळतात. वाढीव दर संपूर्ण रकमेला लागू असेल, तर २,०१० रुपये मिळतात. आणि १९,९०० रुपयांवर अडकलेल्याला ९९५ रुपयेच मिळतात. दोनशे रुपयांच्या विक्रीसाठी हजार रुपयांहून अधिक फरक पडतो. महिन्याच्या तीस तारखेला संध्याकाळी अशा कर्मचाऱ्यापुढे जो ग्राहक बसतो, त्याला सिरमची गरज आहे की नाही हा प्रश्न मागे पडतो. ग्राहक नाही म्हणाला तर कर्मचारी स्वतःच्या खिशातून बाटली विकत घेतो, असेही घडते. मालकाच्या तक्त्यात ती विक्री म्हणूनच नोंदली जाते.

वाढीव दर वरच्या रकमेलाच लावणे हा यावरचा साधा उपाय आहे. तरीही संपूर्ण रकमेचा नियम लोकप्रिय आहे, कारण तो ऐकायला उदार वाटतो.

लक्ष्य पूर्ण न करणाऱ्याला दंड करण्याची प्रथाही काही ठिकाणी आहे. वेतन संहिता, २०१९ नुसार दंड केवळ शासनाच्या मान्यतेने आधी जाहीर केलेल्या कृती किंवा कसुरीबद्दलच करता येतो आणि एका वेतनकालावधीतील एकूण दंड त्या कालावधीच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. शाम्पू खपला नाही म्हणून मालकाने मनाने कापलेले पाचशे रुपये या चौकटीत बसत नाहीत.

विक्री कोणाची?

मोठ्या सलूनमध्ये एका ग्राहकाला तीन-चार हात लागतात. केस धुणारा हेल्पर वेगळा, कापणारा स्टायलिस्ट वेगळा, रंग लावणारी व्यक्ती वेगळी आणि बिल करणारी रिसेप्शनिस्ट वेगळी. ‘टाळू फार कोरडी झाली आहे’ हे वाक्य बहुधा हेल्पर प्रथम उच्चारतो, कारण टाळूला प्रत्यक्ष हात त्याचा लागतो. बिलावर नाव मात्र स्टायलिस्टचे पडते. हेल्परचा पगार सर्वांत कमी असतो. तीस-चाळीस रुपये स्टायलिस्टच्या दृष्टीने किरकोळ असले, तरी हेल्परच्या दिवसाच्या बसभाड्याचा प्रश्न त्यातून सुटतो.

यावर काही सलूनांनी ६० रुपयांचे कमिशन ठरावीक प्रमाणात वाटून देण्याची पद्धत स्वीकारली आहे, तर काहींनी सर्व विक्रीचे कमिशन एका सामाईक निधीत जमा करून महिनाअखेर वाटण्याची. सामाईक निधीत भांडणे कमी होतात, परंतु जो खरोखर मनापासून विकतो त्याचा उत्साहही कमी होतो. सर्वांत अवघड प्रश्न दुसऱ्या बाटलीचा आहे. पहिली बाटली स्टायलिस्टने सुचवली. दोन महिन्यांनी ग्राहक केस न कापता केवळ बाटली घेण्यासाठी आला आणि रिसेप्शनिस्टने बिल केले. या विक्रीचे कमिशन कोणाचे? काही मालक ते कोणालाच देत नाहीत. हा निर्णय अल्पदृष्टीचा वाटतो, कारण ज्याच्या सल्ल्याने ग्राहक परत आला, त्यालाच त्याचा लाभ नाकारला जातो.

इंटरनेटवरील विक्रीने या प्रश्नाला आणखी एक वळण दिले. ‘नायका’ची स्थापना २०१२ मध्ये झाली, आणि त्यानंतरच्या दशकात सलूनपुरती मर्यादित मानली जाणारी अनेक उत्पादने सवलतीत घरपोच मिळू लागली. ग्राहक खुर्चीत बसून सल्ला ऐकतो, बाटलीचे मोबाइलवर छायाचित्र घेतो आणि घरी जाऊन मागवतो. सल्ला कारागिराचा असतो. बिल मात्र भलतीकडेच होते.

कायदा काय म्हणतो?

देशातील चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांपैकी वेतन संहितेत ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या आहे. मूळ पगार, महागाई भत्ता आणि प्रतिधारण भत्ता वेतनात धरले जातात. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, अतिकालिक भत्ता यांच्यासोबत कर्मचाऱ्याला देय असलेले कमिशनही वगळले जाते. मात्र अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर वरची रक्कम वेतनच मानली जाते.

सलूनमध्ये ही तरतूद प्रत्यक्षात लागू पडू शकते. समजा, एका स्टायलिस्टचा मूळ पगार १४,००० रुपये, घरभाडे भत्ता ४,००० रुपये आणि सेवा व विक्री मिळून कमिशन १४,००० रुपये आहे. एकूण ३२,००० रुपये. वगळलेली रक्कम १८,००० रुपये, निम्मी मर्यादा १६,००० रुपये. वरचे २,००० रुपये वेतनात मिळवले जातात आणि त्याचे वेतन १६,००० रुपये ठरते. उपदानासारख्या वेतनावर आधारित लाभांचा हिशेब या आकड्यावर होतो.

याचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. किमान वेतन १४,००० रुपये असताना १०,००० रुपये पगार देऊन ‘उरलेले कमिशनातून निघेल’ असे म्हणणे या व्याख्येशी विसंगत ठरते. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात अनुसूचित व्यवसायांची यादी असे; संहितेने ती पद्धत संपवली आणि किमान वेतनाचा हक्क सर्व कर्मचाऱ्यांना दिला. निव्वळ कमिशनवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यालाही हे संरक्षण आहे. त्याचे कमिशन २०,००० रुपये झाले, तर निम्म्याच्या वरचे म्हणजे १०,००० रुपयेच त्याचे वेतन मानले जातील, आणि ते किमान दरापेक्षा कमी भरू शकतात.

परदेशांत याबाबत एकवाक्यता नाही. ब्रिटनमध्ये कमिशन राष्ट्रीय किमान वेतनाच्या हिशेबात धरले जाते. ग्राहकाने दिलेली बक्षिसी मात्र ऑक्टोबर २००९ पासून धरता येत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कमिशनचा करार लेखी असणे २०१३ पासून बंधनकारक आहे. आपल्याकडे नियुक्तिपत्रात दर, मोजणीची रक्कम आणि देय होण्याचा दिवस लिहिण्याचा रिवाज अद्याप विरळाच आहे. भिंतीवर चिकटवलेला कागद किंवा मोबाइलवर आलेला संदेश, एवढाच पुरावा पुष्कळांकडे असतो.

नोकरी सोडताना त्याची उणीव भासते. कर्मचारी कामावरून कमी झाला किंवा त्याने राजीनामा दिला, तर त्याचे देय वेतन दोन कामकाजी दिवसांत देणे संहितेने आवश्यक केले आहे. कमिशन वेतनाच्या व्याख्येबाहेर असल्याने शेवटच्या महिन्याच्या कमिशनासाठी करारातील शब्दच उपयोगी पडतात, आणि करारच नसेल तर वाद घालण्यापलीकडे हाती फारसे उरत नाही.

साठा मोजताना बाटली कमी भरली, की तिची किंमत सर्व कर्मचाऱ्यांच्या पगारातून समान कापण्याची पद्धतही अनेकांना परिचित असेल. संहितेनुसार अशी कपात त्याच कर्मचाऱ्याकडून करता येते ज्याच्या ताब्यात तो माल स्पष्टपणे सोपवलेला होता आणि ज्याच्या हयगयीमुळे तो गहाळ झाला. कपातीपूर्वी त्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते आणि कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा अधिक असू शकत नाही. ‘सर्वांचे मिळून’ कापण्याला यात जागा नाही.

प्राप्तिकराच्या दृष्टीने नोकराला मिळालेले कमिशन हे पगाराचेच उत्पन्न आहे. गेस्टेटनर डुप्लिकेटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला होता की, नोकरीच्या करारानुसार विक्रीच्या ठरावीक टक्क्यांनी दिले जाणारे कमिशन प्राप्तिकर कायद्यातील भविष्य निर्वाह निधीच्या तरतुदींसाठी पगारातच मोडते. याउलट १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने ‘मूळ वेतना’तून कमिशन वगळले होते. एकच रक्कम एका कायद्यात आत आणि दुसऱ्यात बाहेर, अशी ही जुनीच गंमत आहे. खुर्ची भाड्याने घेणारा किंवा वाट्यावर काम करणारा कारागीर नोकर नसेल, तर त्याला दिलेल्या कमिशनवरील करकपातीसाठी वेगळी तरतूद लागू होते.

ग्राहकाच्या बाजूने

छापील कमाल किमतीपेक्षा अधिक दराने वस्तू विकता येत नाही, हा नियम सलूनलाही लागू आहे. परंतु ग्राहकाचे खरे हित किमतीपेक्षा सल्ल्याच्या प्रामाणिकपणात असते. गळणाऱ्या केसांवर हमखास उपाय म्हणून प्रसाधन विकणे ही सलूनमधील सर्वांत मोठी लबाडी म्हणावी लागेल. टक्कल बरे करण्याचा दावा औषधांनाही करता येत नाही. औषध नियमावलीच्या परिशिष्ट ‘जे’ मधील व्याधींत टक्कल समाविष्ट आहे. मिनॉक्सिडिल हे औषध आहे, प्रसाधन नव्हे, आणि परवान्याशिवाय ते सलूनच्या फळीवर ठेवता येत नाही. ग्राहकाला दिलेली खोटी माहिती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते, आणि तेथे उत्तर दुकानाला द्यावे लागते.

घरी लावण्यासाठी केसरंग विकताना अधिक सावधगिरी हवी. पॅराफेनिलीनडायअमीन असलेल्या रंगाच्या वेष्टनावर त्वचेची पूर्वचाचणी करण्याची आणि भुवया व पापण्यांना तो न लावण्याची सूचना असणे बंधनकारक आहे. पापण्यांना लावल्यास अंधत्व येण्याचा धोका त्यात स्पष्ट नमूद असतो. ही अक्षरे बारीक असतात. ती ग्राहकाला वाचून दाखवायला कारागिराला एक मिनिट लागते, आणि कधीकधी ती ऐकून ग्राहक बाटली परत फळीवर ठेवतो. त्या बाटलीचे कमिशन कोणत्याही तक्त्यात धरलेले नसते.